अखेरची तारीख

कोणतीहि नोंदवही ज्या क्रमानें लिहिली जाते, त्या क्रमानें तिला कोणी प्रश्न विचारीत नाहीं. लिहितांना दिवस पुढें सरकत असतो. आज घडलेलें आजच्या ओळीवर उतरतें, उद्यांचें उद्यांच्या ओळीवर. विचारणारा मात्र दिवसाविषयीं विचारीत नाहीं. तो अमक्या माणसाविषयीं किंवा अमक्या वस्तूविषयीं विचारतो. या मुलाला शेवटची लस केव्हां टोंचली? या घरीं गॅसचा सिलिंडर शेवटचा केव्हां आला? या दात्यानें शेवटचें रक्त केव्हां दिलें? नोंद दिवसवार आणि प्रश्न माणसावार, अशी ही अडचण आहे. ती दूर करण्याचें काम आज बहुतेक ठिकाणीं संगणकावरील कोष्टक करतें. पण तें काम नीट झालें कीं नाहीं, हें पाहाणें अजून माणसाकडेच आहे. त्या पाहाण्याविषयीं हें भाषण आहे.

जुन्या पेढ्यांवरील कारकुनांना ही अडचण चांगली ठाऊक होती. त्यांच्या गादीपाशीं दोन वह्या असत. पहिली रोजकीर्द. दिवसभरांत जमा-नांवें जें झालें, तें घडेल त्या क्रमानें तींत उतरावयाचें. दुसरी खतावणी. तींत प्रत्येक आसामीचें पान निराळें. रोजकीर्दींतील प्रत्येक रकम उचलून ज्याच्या त्याच्या पानावर मांडावयाची. रोजकीर्दीला तारीख कळते, माणूस कळत नाहीं; खतावणीला माणूस कळतो. व्हेनिस शहरीं १४९४ सालीं लुका पाचिओली यानें आपल्या गणितग्रंथांत हिशेबाची जी पद्धत छापून प्रसिद्ध केली, तींतहि दिवसवार वही आणि खातेवार वही हा भेद आहेच. व्यापार जेथें वाढला तेथें ही दुसरी वही लागलीच.

संगणकाच्या भाषेंत ज्याला ‘ग्रुप बाय’ म्हणतात, ती ही खतावणीच होय. एडगर कॉड यानें १९७० सालीं माहिती कोष्टकांच्या रूपानें सांठविण्याची कल्पना शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा डोनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं पुढें आणली. तीच पुढें एस्‌क्यूएल या नांवानें रूढ झाली. दुसऱ्या बाजूनें डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं १९७९ सालीं ‘व्हिझिकॅल्क’ हें कोष्टक लहान संगणकावर आणलें आणि कारकुनाची वही पडद्यावर आली. आज घरोघरीं वापरलें जाणारें एक्सेल त्याच वंशांतील आहे. साधनें बदललीं, तरी प्रश्न तोच राहिला: रोजकीर्दींतून प्रत्येकाची अखेरची तारीख कशी काढावयाची?

उदाहरण म्हणून रक्तपेढीची वही घेतां येईल. नांवांतच पेढी आहे, म्हणून रोजकीर्द आणि खतावणी येथें शोभतातहि. भारतांतील नियमाप्रमाणें पुरुषानें दोन रक्तदानांत निदान ९० दिवसांचें आणि स्त्रीनें निदान १२० दिवसांचें अंतर ठेवावें लागतें. हें अंतर उगीच ठरलेलें नाहीं. दिलेल्या रक्तांतील पाण्याचा भाग एकदोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी भरून येण्यास आठवडे लागतात. आणि त्यांच्याबरोबर गेलेलें लोह भरून येण्यास महिने लागतात. दाता हिंडता-फिरता दिसतो, म्हणून त्याचा सांठा भरला असें होत नाहीं. तेव्हां दात्याला निरोप धाडण्यापूर्वीं त्याची अखेरची तारीख पाहावी लागते. ती चुकून अलीकडची लागली, तर रक्त देऊं शकणारा माणूस घरीं बसून राहातो आणि रुग्ण वाट पाहातो. ती चुकून मागची लागली, तर ज्याला विश्रांति हवी त्यालाच बोलावणें जातें. पेढीवर हिमोग्लोबीन तपासतात, चौकशीहि करतात. परंतु ती नंतरची भिंत झाली. पहिली भिंत म्हणजे वहींतील तारीख.

ज्यांच्या हाताशीं कागद असेल, त्यांनीं चार ओळी उतरून घ्याव्या. पहिली: दाता क्रमांक १७, पुरुष, १२ जानेवारी २०२५. दुसरी: दाता क्रमांक २३, स्त्री, ८ मार्च २०२५. तिसरी: पुन्हां क्रमांक १७, २० एप्रिल २०२५. चौथी: पुन्हां क्रमांक १७, ३ ऑगस्ट २०२५. क्रमांक २३ ची एकच तारीख आहे. तींत १२० दिवस मिळविले म्हणजे ६ जुलै २०२५ येते. क्रमांक १७ च्या तीन तारखा आहेत. त्यांतील अखेरची ३ ऑगस्ट. तींत ९० दिवस मिळविले म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ येते. चार ओळींत हें डोळ्यांनींच दिसतें. ओळी चार हजार झाल्या कीं डोळे हरतात आणि सूत्राची गरज लागते.

एक्सेलमधील त्या सूत्राचें नांव ‘मॅक्सइफ्स’ असें आहे. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: सर्वांत मोठी किंमत कोणत्या स्तंभांतून काढावयाची, म्हणजे तारखांचा स्तंभ, अट कोणत्या स्तंभावर पाहावयाची, म्हणजे दात्यांच्या क्रमांकांचा स्तंभ, आणि अट काय, म्हणजे हवा तो क्रमांक. १७ हा आंकडा दिला कीं सूत्र १७ च्या ओळी वेंचतें, बाकीच्या सोडतें आणि वेंचलेल्यांतील सर्वांत मोठी तारीख पुढें ठेवतें. हें सूत्र एक्सेलच्या २०१९ च्या आवृत्तीपासून सर्वांना मिळालें. त्यापूर्वीं ‘मॅक्स’ आणि ‘इफ’ हीं दोन सूत्रें एकांत एक घालून तेंच काम करावें लागे. ज्यांना सूत्रच नको, त्यांच्यासाठीं ‘पिव्हट टेबल’ आहे. त्यांत दात्यांचे क्रमांक डावीकडे ठेवून तारखेच्या जागीं ‘मॅक्स’ निवडलें कीं सबंध खतावणी एकदम उभी राहाते. मात्र वहींत नवी ओळ पडली म्हणजे ती खतावणी आपोआप बदलत नाहीं. तिला ताजी करण्याची आज्ञा निराळी द्यावी लागते.

सर्वांत मोठी तारीख म्हणजे अखेरची तारीख, हें कसें? याचें कारण संगणकाला तारीख ही संख्याच असते. एक्सेल १ जानेवारी १९०० या दिवसाला १ मानून पुढें मोजीत जातें. १ जानेवारी २०२४ ची संख्या ४५,२९२ येते आणि त्याच वर्षाच्या १४ जूनची ४५,४५७. नंतरचा दिवस म्हणजे मोठी संख्या. या मोजणींत एक गंमत आहे. १९०० हें लीप वर्ष नव्हतें, तरी एक्सेल त्या वर्षीं २९ फेब्रुवारी मानतें. ‘लोटस वन-टू-थ्री’ या आधींच्या कार्यक्रमांत ती चूक होती, आणि जुनीं कोष्टकें बिघडूं नयेत म्हणून ती मुद्दाम तशीच ठेवली गेली. आजच्या तारखांना तिचा उपद्रव नाहीं. पण एकदां वहींत शिरलेली चूक किती वर्षें टिकते, हें त्यावरून समजावें.

आतां सूत्र कळलें म्हणजे काम झालें, असें वाटण्याचा संभव आहे. खरी काळजी येथूनच सुरू होते. कारण या कामांतील बहुतेक चुका मुक्या असतात. पडद्यावर लाल अक्षर येत नाहीं, सूत्र अडत नाहीं. एक नीटनेटकी तारीख दिसते आणि ती चुकीची असते.

पहिली मुकी चूक तारीख अक्षरांत लिहिल्यानें होते. लेखनिकानें ‘३ ऑगस्ट’ ही नोंद अशा रीतीनें लिहिली कीं संगणकाला ती तारीख वाटली नाहीं, नुसतीं अक्षरें वाटलीं. माणसाला दोन्ही सारखींच दिसतात. मॅक्सइफ्स अक्षरांकडे पाहात नाहीं. तें त्या ओळीवरून पुढें जातें आणि क्रमांक १७ ची अखेरची तारीख २० एप्रिल असें सांगतें. त्यांत ९० दिवस मिळवून १९ जुलै येते, आणि १ सप्टेंबरला त्या दात्याला निरोप जातो. त्यानें रक्त देऊन केवळ २९ दिवस झालेले असतात. ज्या दात्याची एकच नोंद आहे आणि तीहि अक्षरांत आहे, त्याच्या बाबतींत उत्तर शून्य येतें. आणि शून्याला तारखेचा पोशाख चढविला कीं पडद्यावर १९०० सालच्या जानेवारीची शून्यावी तारीख दिसते. ही चूक निदान हंसूं आणते, म्हणून पकडली जाते. पहिली पकडली जात नाहीं.

दुसरी चूक दिवस आणि महिना यांच्या अदलाबदलीची. आपल्याकडे दिवस आधीं लिहितात. अमेरिकेंत महिना आधीं. तिकडच्या रीतीनें बसविलेल्या संगणकावर आपली वही उघडली, कीं ५ मार्चची ३ मे होते. २५ मार्चचें काय होतें? पंचविसावा महिना नसल्यामुळें ती नोंद तारीखच राहात नाहीं, अक्षरें होऊन बसते. म्हणजे एकाच स्तंभांत कांहीं तारखा उलट्या झालेल्या आणि कांहीं नाहींशा झालेल्या, अशी दुहेरी आपत्ति येते. यासाठींच वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस असा क्रम सांगणारें आंतरराष्ट्रीय मानक १९८८ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. आपल्या घरच्या वहींतहि महिन्याचें नांव अक्षरांनीं दिसेल अशी मांडणी ठेवली, तर पुष्कळ घोटाळा टळतो.

तिसरी चूक भविष्यांतील तारखेची. २०२५ लिहितांना बोटाची चूक होऊन २०५२ झालें, तर सर्वांत मोठी तारीख शोधणारें सूत्र नेमकी तीच उचलतें. इतर चुका गर्दींत लोपतात. ही सर्वांच्या डोक्यावर जाऊन बसते. पुढें त्या दात्यानें दहा वेळां रक्त दिलें, तरी अखेरची तारीख २०५२ चीच राहील आणि त्याला कोणी कधीं बोलावणार नाहीं. म्हणून सूत्राला दुसरी अट घालावी, कीं तारीख आजच्या पुढची नसावी. आणि जी नोंद त्या अटीबाहेर पडेल ती निराळी काढून पाहावी. नुसती अट घालून ती चूक झांकूं नये, दुरुस्त करावी.

चौथी चूक शोधण्याच्या रीतींत आहे. ‘व्हीलुकअप’ हें सूत्र पुष्कळांच्या हातांत बसलेलें असतें. तें क्रमांक १७ शोधीत वरून खालीं येतें आणि पहिला १७ भेटतांच थांबतें. दिवसवार लिहिलेल्या वहींत पहिली ओळ म्हणजे सर्वांत जुनी ओळ. अखेरची तारीख विचारली आणि आरंभाची मिळाली, असा प्रकार होतो. ‘एक्सलुकअप’ या नव्या सूत्राला खालून वर शोधण्यास सांगतां येतें. तें बरें, पण पुरेसें नाहीं. शेवटीं लिहिलेली ओळ आणि शेवटच्या तारखेची ओळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गांवोगांवच्या शिबिरांचे कागद उशिरां येतात. मार्च महिन्याची नोंद मे महिन्यांत वहीवर चढते. शाईचा क्रम काळाच्या क्रमाशीं जुळेलच असें नाहीं. म्हणून ओळीच्या जागेवर विश्वास न ठेवतां तारखेवर ठेवावा.

पांचवी चूक माणूस ओळखण्याची. खतावणी नांवावर उघडली, तर कुलकर्णी आडनांवाच्या एकाच आद्याक्षराच्या दोन स्त्रिया एका पानावर येतात आणि एकीच्या रक्तदानानें दुसरीला १२० दिवस थांबावें लागतें. उलट एकच देशपांडे कधीं पूर्ण नांवानें, कधीं आद्याक्षरांनीं लिहिले गेले, तर संगणक त्यांचीं दोन माणसें करतो. नांवापुढें एक रिकामी जागा चुकून सुटली, तरी त्याला तें नांव निराळें वाटतें. मग एका देशपांड्यांची अखेरची तारीख ऑगस्टची आणि दुसऱ्यांची एप्रिलची दिसते. वस्तुतः माणूस एकच असतो. म्हणून प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि खतें क्रमांकावर मांडावीं.

सहावी चूक अधिक सूक्ष्म आहे. केवळ तारीख पुरत नाहीं. त्या वेळचें हिमोग्लोबीन किती होतें तेंहि हवें असतें. भारतांत दात्याचें हिमोग्लोबीन निदान १२.५ असावें लागतें. कोणी घाईनें तारखेप्रमाणेंच हिमोग्लोबीनच्या स्तंभालाहि मॅक्सइफ्स लावतो. मग तारीख ऑगस्टची आणि हिमोग्लोबीन जानेवारीचें, कारण जानेवारींत तें सर्वांत अधिक होतें. दोन ओळींचे तुकडे शिवून तिसरीच ओळ तयार होते. तसें रक्तदान कधीं झालेलेंच नसतें. योग्य रीत अशी, कीं आधीं अखेरची तारीख काढावी, मग क्रमांक आणि तारीख या दोहोंशीं जुळणारी ओळ शोधावी आणि तिच्यांतील सर्व माहिती एकत्र उचलावी. एस्‌क्यूएलमध्यें यासाठीं प्रत्येक गटांतील ओळींना तारखेच्या उलट क्रमानें अनुक्रमांक देऊन पहिली ओळ घेतात. ही सोय त्या भाषेच्या २००३ च्या मानकांत आहे. एकाच दिवसाच्या दोन ओळी निघाल्या, तर एकच नोंद दोनदां चढली आहे काय, हें माणसानें पाहावें. तो निर्णय सूत्राचा नव्हे.

आणखी एक सोपा मार्ग लोक वापरतात. सबंध वही क्रमांकानें आणि मग उलट तारखेनें लावावयाची आणि पुनरुक्त क्रमांक काढून टाकण्याची आज्ञा द्यावयाची. एक्सेल प्रत्येक क्रमांकाची पहिली ओळ ठेवतें, म्हणून उत्तर बरोबर येतें. पण मूळ वहींतील बाकीच्या ओळी जातात. खतावणी करण्यासाठीं रोजकीर्द फाडण्यासारखें हें आहे. असें करावयाचें असेल तर नकलेवर करावें, मूळ वहीवर कधींहि करूं नये.

एवढी सावधगिरी कशासाठीं, असें कोणी विचारील. दाते पुष्कळ असतात. एकाची तारीख चुकली तर दुसरा मिळेल. सर्वांच्या बाबतींत हें खरें नाहीं. मुंबईंत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं एका विरळा रक्तगटाचें वर्णन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलें. जगांत तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणूनच ओळखला जातो. भारतांत सुमारें १०,००० माणसांत एकाचा तो असतो. ज्याला ‘ओ’ गटाचें रक्तहि चालत नाहीं, अशा या रुग्णाला त्याच गटाचा दाता लागतो. तांबड्या पेशी साध्या द्रवांत ३५ दिवस आणि सुधारलेल्या द्रवांत ४२ दिवस टिकतात. त्यामुळें असें रक्त आधींच भरपूर सांठवून ठेवण्यास फार वाव नसतो. अशा वेळीं यादींतील मोजक्या नांवांपैकीं आज कोण रक्त देऊं शकेल, हाच सारा प्रश्न असतो, आणि त्याचें उत्तर प्रत्येकाच्या अखेरच्या तारखेंत असतें. ती तारीख २०५२ ची निघाली, किंवा एप्रिलच्या जागीं ऑगस्टची दिसली, तर एका हांकेवर येणारा माणूस हांकेबाहेर राहातो.

याच पेढीच्या दुसऱ्या कपाटांत हाच प्रश्न उलटा होऊन उभा असतो. पिशव्यांच्या वहींत प्रत्येक गटांतील सर्वांत आधीं मुदत संपणारी पिशवी शोधावयाची असते, म्हणजे ती आधीं वापरली जाईल. तेथें ‘मॅक्सइफ्स’ऐवजीं ‘मिनइफ्स’ लागतें. माणसाची अखेरची तारीख आणि पिशवीची पहिली तारीख, अशीं दोन टोंकें संभाळलीं, म्हणजे दाताहि सुरक्षित राहातो आणि त्यानें दिलेलेंहि वाया जात नाहीं.

घरच्या वहीला हेंच सारें लागू आहे. आजीचें रक्तदाबाचें औषध केव्हां बदललें, मुलाची धनुर्वाताची लस केव्हां झाली, पाण्याची टांकी केव्हां धुतली, या प्रश्नांचीं उत्तरें घरोघर कोठेंतरी लिहिलेलीं असतात. पण लिहिलेलीं असतात दिवसवार. त्यांची खतावणी करण्यास आतां एक सूत्र पुरतें. तें वापरण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: प्रत्येक तारीख ही खरोखर तारीख आहे ना, प्रत्येक माणसाचें खातें एकच आहे ना, आणि कोणती तारीख आजच्या पुढें तर गेली नाहीं ना. जुन्या पेढीवर वही मिटण्यापूर्वीं रोजकीर्द आणि खतावणी ताडून पाहात. संगणकानेंहि ताळा करण्याचें काम माणसाच्या हातून काढून घेतलेलें नाहीं. सूत्रानें दिलेल्या उत्तरांपैकीं दहा उत्तरें मूळ ओळींशीं स्वतः ताडून पाहावीं, आणि मगच निरोप धाडावा.